आमच्या अंगणातले खुंट

धुळ्याच्या दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी अंगणात शेळ्यांना पाणी दाखवत होते. नवरा गेल्याची बातमी बाईनं कशी ऐकावी, मला ठाऊक नाही; माझा पदर मात्र त्या वेळी एका शेळीच्या तोंडात होता. ही सोय नानांचीच!

शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात नाना प्राथमिक शाळेचे मास्तर. सारं गाव माझ्या नवऱ्याला नाना म्हणे, म्हणून मीही. पटावर नावं पुष्कळ, वर्गात डोकी थोडी. नाना घरोघर जायचे आणि गरिबाघरचं उत्तर ठरलेलं, "पोर शाळामा गयी, ते बकऱ्या कोन चारी?" दुसरा कुणी हात झटकून परत आला असता. यांनी सांगितलं, शेळ्यांसकट पाठवा! त्या शाळेच्या ओट्याशी बांधल्या. तपासणीला साहेब आले, तर त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा हार शेळीनं फस्त केलेला. "शाळा आहे की कोंडवाडा?" साहेब कडाडले. त्याच संध्याकाळी नानांनी आमच्या अंगणात खुंट ठोकले. मला विचारायचं नाव नाही! "शाळा सुटेपर्यंतच तर आहेत," म्हणाले. पाला आणायचा कुणी, तुळस वाचवायची कुणी... शिकवण्याचं पुण्य यांचं, लेंड्या माझ्या. मी चिडले की शांतपणे म्हणत, "तू शेळी सांभाळतेस म्हणून पोर वर्गात बसते." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

भिलाटीतली, भिल्लांच्या वस्तीवरची सकू त्या पोरांतलीच. चौथीपर्यंत पोचलेली, घरातली पहिलीच. बापानं बजावलं होतं, एक जरी बकरी हरवली तरी शाळा बंद.

दिवसकार्य आटोपलं आणि मी थोरल्याला म्हटलं, उपट ते खुंट, पुरे झालं. त्यानं उपटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सकू दोन शेळ्यांची दोरी धरून दारात उभी. मोकळ्या अंगणाकडे बघत म्हणाली, "अक्का, नाना नहीत... ते मी आते शाळामा जाऊ का नको?"

असा संताप आला मला... नानांचा! जिवंतपणी विचारलं नाही ते नाहीच, गेल्यावरही माझ्याच गळ्यात. "नको कशाला? पळ, घंटा होईल," मी त्या बिचारीवरच खेकसले. दोरी माझ्या हातात देऊन ती धावत सुटली.

मग दगड शोधला आणि खुंट ठोकायला बसले. भोकं बुजलीसुद्धा नव्हती. नाना गेल्यावर मी पोटभर रडले ती तेव्हा, आणि डोळे पुसायला पदर घेतला, तर तो पुन्हा शेळीच्या तोंडात.