अंगावर कपडे कोणते होते?

अण्णा हरवले त्या दुपारी चौकीतल्या हवालदारांनी विचारलं, "मॅडम, अंगावर कपडे कोणते होते?"

मला सांगता येईना. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी कितीतरी वर्षं फक्त कपडेच रंगवत आलेय. खुंटीवरचा शर्ट, खुर्चीवर टाकलेला टॉवेल, घड्या घातलेलं लुगडं. मुलांना सांगायचे, "चुण्या नीट बघा, आत माणूस कसा होता ते कळतं." आणि सकाळी ज्या वडिलांच्या हातात चहाचा कप दिला, त्यांचा शर्ट मला आठवत नव्हता.

"पांढरा असंल की," हवालदार म्हणाले. "म्हाताऱ्या मानसांचा पांढराच असतोय."

आई गेल्यानंतर अण्णा विसरायला लागले होते. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग मी. मी शाळेत असताना शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसायच्या. त्या दिवशी गॅसवाला आला म्हणून काकू पुढच्या दारात गेल्या, तेवढ्यात अण्णा मागच्या दारानं जिना उतरून निघून गेले.

घरी येऊन मी त्यांचं कपाट पलंगावर उपसलं. कुठला शर्ट नाही ते शोधत बसले. फिका निळा नव्हता, खिशापाशी इस्त्रीनं करपलेला. अण्णांचा फोटो होता तो आईच्या वेळचा, गाल भरलेले, मिशा दाट. आताच्या हाडकुळ्या माणसाला त्यावरून कोण ओळखणार? म्हणून मी शर्टाचं रंगीत चित्र काढलं, करपल्या डागासकट, आणि फोटोबरोबर सगळ्या ग्रुपांवर पाठवलं.

मग गावभर निळे शर्टच दिसायला लागले. मोहोळच्या स्टँडवर एक आजोबा बसलेत असा फोन आला. धावत गेले, ते दुसरेच निघाले. सरकारी दवाखान्यातून फोन आला, निळ्या शर्टातला एक बेवारस आहे, बघून जा. चादर वर केली. अण्णा नव्हते. मला हायसं वाटलं, आणि चादरीच्या चुण्या सारख्या करून मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होटगीहून एका बाईंचा फोन आला. त्यांचे मालक रेल्वेत कामाला.

"ताई, तुमचं चितर कालच बघितलं हुतं आमी. पन आजोबा सापडले तवा चिखलानं भरलेले हुते, निळा का काळा काय कळंना. मालकांचा शर्ट घातला त्यांना. आता ह्यो धुऊन वाळला, घडी घालताना डाग दिसला बघा."

मी पोचले तेव्हा अण्णा ढगळ लाल शर्टात ओसरीवर भाकरी खात होते. मी जवळ बसले. त्यांनी ताट माझ्यापासून बाजूला ओढलं.

"ही बाई कोन?"

"लेक हाय तुमची," त्या म्हणाल्या. "न्यायला आलीया."

"न्हाय. मी हितंच ऱ्हातो."

अर्धा तास विनवण्या केल्या. शेवटी त्या बाईच रिक्षात त्यांच्याशेजारी बसल्या, तेव्हा ते निघाले. वाटभर त्यांनी त्या बाईंचा पदर घट्ट धरला होता.

त्यानंतर मी प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून माझा फोन नंबर टाचला. अण्णा नखांनी दोरे उसवतात. मी पुन्हा टाचते. रंगांचे डबे कधीचे वाळून गेले.

काकूंनी हात जोडले. "माझ्यानं न्हाय व्हायचं आता," म्हणाल्या. दिवसभर राहणारी बाई मिळत नाही. नोकरी सोडली तर खायचं काय?

आता मी दोन्ही दारांना बाहेरून कुलूप लावून शाळेत जाते. अण्णा आतून दार वाजवत राहतात. हाक मारत नाहीत, कारण कुणाला मारायची ते त्यांना ठाऊक नाही. जिना उतरेपर्यंत तो आवाज येतो, आणि मी भरभर उतरते.