कापलेल्या कॅमेऱ्याचा आरसा

आमच्या गेवराईच्या फोटो स्टुडिओत काचेच्या कपाटात एक कापलेला कॅमेरा होता. रिळाच्या जमान्यात कंपनीचे लोक दुकानदारांना आतलं दाखवायला असले कॅमेरे घेऊन फिरायचे. त्यातलाच एक सासऱ्यांकडे राहिला. एका बाजूचा पत्रा कापून काढलेला, आत बारीक चाकं, स्प्रिंगा आणि तिरपा आरसा. बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि मागचा काळा पडदा सरकतो, असं सासरे गिऱ्हाइकांना सांगायचे. लग्न होऊन आल्यापासून त्या कपाटाची काच मीच पुसत आले. आरसा उडताना मात्र कधी पाहिला नाही.

किल्ली आधी सासऱ्यांच्या खिशात असायची, ते गेल्यावर नवऱ्याच्या. एकदा धीर करून विचारलं, तर नवरा म्हणाला, "तुला काहून बगायचंय? स्प्रिंग निसटली तर कोण बसवणार?"

यंदा त्याने तो कॅमेरा पुण्याच्या एका माणसाला द्यायचं ठरवलं. तो माणूस जुने कॅमेरे जमवतो. तो आला त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, आज बघायचंच. चहा घेऊन दुकानात गेले तर दोघे टेबलावर वाकलेले. खट् असा आवाज आला. मला दोघांच्या पाठी दिसल्या.

"बगा, अजून लई भारी चालतंय," नवरा म्हणाला.

मी ट्रे टेबलावर ठेवला. "मला बी... एकदा," एवढंच तोंडातून निघालं.

नवरा हसायला लागला. "घ्या, हिला फोटो पायजे कॅमेऱ्यासंगं. एरवी फोटो म्हणलं की आत पळती."

"काढू की. वहिनी, पदर सारखा करा," म्हणत पाहुण्याने कॅमेरा माझ्या हातात दिला.

मला फोटो नको होता. मला आरसा बघायचा होता. एवढं साधं बोलणं, पण तोवर दोघे मोबाइल धरून समोर उभे राहिले. अंगठा बटणाकडे गेला.

"बटनाला हात नको लावू," नवरा म्हणाला.

मी अंगठा काढला. फोटो निघाला. पाहुण्याने कॅमेरा फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि चहा पिऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तो फोटो मोठा करून फ्रेममध्ये घालून आणला. "घे, झाली का हौस?"

फोटोत कॅमेऱ्याची कापलेली बाजू माझ्या पोटाकडे आहे, आरसा दिसत नाही. नवरा भिंतीत ठोकायला खिळा शोधतोय.