म्हाताऱ्यांनाच विचारा

आमची वाडी समुद्राला लागून आणि रस्ता वर सड्यावर, कातळाच्या माळावर. मध्ये घाटी. घाटी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उभी वाट. एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, आणि धरायला काही नाही. जामसंड्याचा बाजार, डॉक्टर, एसटी, सगळं घाटीच्या वर. आई जन्मभर माशांची पाटी डोक्यावर घेऊन ती चढली. २००७च्या सुमारास तिचे गुडघे गेले आणि तिचा बाजार बंद झाला.

मुंबईच्या भावाचं म्हणणं सरळ होतं: चढता येत नाही तर मी तिला इकडे आणतो. आईचं म्हणणं त्याहून सरळ. "माका हयसरच मराक दी," एवढं बोलून ती सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकायला लागायची. मी कणकवलीला कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते आणि शनिवारी घरी यायचे. घाटीला लोखंडी कठडा लागला, मध्ये टेकायला एखादं बाक झालं, तर आईला घर सोडावं लागणार नाही, असं माझ्या डोक्याने घेतलं. तशा वाडीत तिच्यासारख्या आणखीही बायका होत्या, पण खोटं कशाला सांगू, मला आईचंच पडलं होतं.

सरपंचांकडे गेले. माणूस भला. म्हणाले, "कामाक माझी ना नाय गो. पण म्हाताऱ्यांका चढाक जमणा नाय, इतक्या सांगान ऑफिसात कोण आयकणा नाय. दुसरीकडे खंय असा केलेला आसा, तेचो कागद होयो."

कागद म्हटल्यावर मला बळ आलं. कागद शोधणं हा तर माझा धंदाच. वर्गात दरवर्षी घसा कोरडा करून सांगायचे, कुठलाही स्रोत हातात घेतला की आधी बघा, लिहिलंय कोणी, केव्हा, कोणाला विचारून, आणि विचारलं कसं. मुलं ते उतरवून घ्यायची आणि परीक्षेनंतर विसरायची.

कणकवलीच्या स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. एक पान उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ, आणि उघडलं की लोडशेडिंग. रिझल्ट बघायला आलेल्या पोरांच्या गर्दीत मी कॉलेजातली बाई परदेशातल्या म्हाताऱ्यांचं वाचत बसायचे. वृद्धांना नीट राहता येईल अशी गावं आणि शहरं, हा विषय तेव्हा तिकडे जोरात होता. मिळालं पुष्कळ. पदपथावरचा बर्फ वेळेवर काढावा. म्हातारं माणूस जागेवर बसेपर्यंत ड्रायव्हरने बस हलवू नये. हे वाचून मी मोठ्याने हसले. आमच्या एसटीत धडधाकट माणसासाठीही कोणी थांबत नाही. एक लेख फारच गोड लिहिलेला होता, पण शेवटी कळलं की तो म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या बनवणाऱ्यांनीच लिहिलाय. तो बाद.

मराठीत शोधलं तर दिवाळी अंकांतले लेख. सगळे वृद्धाश्रमावर. सगळ्यांत मुलगा अमेरिकेत आणि आई खिडकीत. वाचताना रडू यायचं, पण लिहिणाऱ्याने एका तरी म्हातारीला काही विचारल्याचं दिसत नव्हतं. तेही बाद केले. आमच्या किनाऱ्याबद्दल मला काहीच सापडलं नाही. कोकणावर लिहायचं म्हणजे आंबा, मासे आणि पर्यटन. इथल्या बायकांचे गुडघे हा कोणाचाच विषय नव्हता.

जे थोडे स्रोत माझ्या कसोटीला उतरले त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. बाहेरून येऊन ठरवू नका, म्हाताऱ्यांनाच विचारा, आणि विचारताना दुसऱ्या कोणाला मध्ये बोलू देऊ नका. मला हे इतकं पटलं की मराठीत सारांश लिहिला तेव्हा या वाक्याखाली मी लाल रेघ मारली. सरपंचांनी तो अर्जासोबत पुढे पाठवला.

पावसाळ्याआधी चौकशीला एक साहेब आले. त्यांनी माझा सारांश चक्क वाचला होता. सरपंचांना आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला थांबा. मला यांनाच विचारायचंय." माझा ऊर भरून आला. सरकारी माणूस असा असतो हेच मला नवीन होतं.

आमच्या घरापुढच्या खळ्यात वाडीतल्या म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून बसल्या होत्या. आईने साहेबांसाठी शहाळं काढून ठेवलं होतं.

"आजी, घाटी चढायला त्रास होतो का?"

"नाय सायबानू," आई म्हणाली. "आमका सवय आसा."

"कठडा लावला तर बरं पडेल ना?"

"कठडो कित्याक? आमचे झिल आसत मां हात धरूक."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्या झिलांचा, म्हणजे मुलग्यांचा, हात धरून ह्या चढणार होत्या ते सगळे मुंबईला. पण दारात आलेल्या परक्या माणसापुढे आमच्याकडे गाऱ्हाणं मांडत नाहीत. म्हातारीने दुखणं सांगितलं की त्याचा एकच अर्थ निघतो, मुलगा बघत नाही. मला राहवेना. "आये, खरा सांग गो," मी म्हटलं. तिने डोळ्यांनीच मला दटावलं. साहेबांनीही हात वर करून मला थांबवलं. मध्ये बोलायचं नाही, असं मीच लिहिलं होतं.

साहेब निघाले तशी आई पोचवायला उठली. पाहुण्याला रस्त्यापर्यंत सोडायचं ही आमची रीत. मी तिचा दंड धरला. "पावण्याक दारातसून धाडतत?" असं म्हणून तिने हात सोडवून घेतला आणि ती साहेबांच्या पुढे घाटी चढली. वर्षभरात ती अर्धीही चढली नव्हती. साहेबांना धाप लागली. ती मात्र ताजा सरंगा मासा कसा ओळखायचा ते त्यांना सांगत होती. वर पोचल्यावर साहेबांनी हात जोडले. "आजी, तुम्ही माझ्यापेक्षा धडधाकट आहात." ते मनापासून बोलत होते.

जीप वळणाआड गेली आणि आई रस्त्याच्या कडेला बसली. मग तिला उठताच येईना. वाडीतल्या पुरुषांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि तिला उचलून खाली नेलं. माझा राग अनावर झाला होता. "कित्याक केलंस ह्या?" मी विचारलं. ती म्हणाली, "माझ्या झिलाक कोणी नावा ठेवलेली माका चालाची नाय." मग डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. गुडघे सुजून नारळाएवढे झाले होते.

ऑफिसचं उत्तर आलं. स्थानिक वृद्धांशी प्रत्यक्ष बोलणं झालं असून कठड्याची गरज आढळली नाही. मी ते स्टाफरूममध्ये वाचलं. वर्गात आणून दाखवावा असा स्रोत होता तो. कोणाला विचारलं, कसं विचारलं, कशातच खोट काढता येत नव्हती. फाडून टाकावासा वाटला, पण फाडून काय होणार होतं?

गणपतीनंतर भाऊ आला आणि आईला त्याच खुर्चीतून घाटी चढवून घेऊन गेला.

त्याच्या इमारतीला लिफ्ट होती. खाली आवारात हात टेकता येतील अशी बाकं, सावली, फाटकाशेजारी दवाखाना. मी कॅफेत बसून जे जे वाचलं होतं ते जवळजवळ सगळं तिथे होतं. भेटायला गेले की मी म्हणायचे, चल, खाली जाऊन बसूया. "बसान काय करू गो?" ती म्हणायची. "थंय माका हाक कोण मारतलो?" ती खाली कधी गेलीच नाही.

२०१०मध्ये ती गेली. लिफ्ट अरुंद, तिला आडवं ठेवता येईना. भावाने आणि त्याच्या मित्रांनी जिन्यावरून खाली आणलं. मी मागून उतरत होते. खाली बाकांवरची माणसं उठून उभी राहिली आणि एकमेकांना हळूच विचारायला लागली, कोण होत्या ह्या?