रिव्ह्यूवाल्यांची गाडी

शटर वर जातं. खडखडत, अर्ध्यावर अडकून, मग एकदम. आखातातल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतलं एक वर्कशॉप, सकाळचे सात, आणि बाहेर ऑगस्टचं ऊन आत्ताच डोळ्यांत खुपायला लागलेलं. आत मधोमध, दिव्यांच्या झोतात, एक पांढरीशुभ्र सात सीटची गाडी. डावीकडून विलास तेरवणकर, घरच्यांचे विलासमामा, येतात. वय अठ्ठावन्न, अंगात निळा कव्हरऑल, खांद्यावर मऊ फडकं. ते गाडीभोवती एक फेरी मारतात आणि दाराला कान लावून बोटाच्या पेराने टकटक करतात, डॉक्टर पाठीवर करतात तशी.

"विलासभाई, दुल्हन कब तक तैयार?" पलीकडच्या गाडीखालून अर्सलान ओरडला. तो सियालकोटचा, इंजिनचं काम त्याच्याकडे.

"मेकअप को टाइम लगता है, मियाँ."

विलासमामांनी तरुणपणी खरोखरच रंग लावले होते. दोडामार्गच्या बाजूला दशावतार कंपनी आली की ते नटांच्या पेटीपाशी बसत. कुणाची भुवई, कुणाच्या गालावरची लाली. किती सुंदर काम ते! आणि त्यात फसवणूक नव्हती. हा राजा सकाळी म्हशी धुतो हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असे.

इथलं काम तसंच होतं, पण समोरच्यांना ठाऊक नव्हतं. गाड्यांच्या कंपनीने नवं मॉडेल आणलं की त्यातली एक गाडी विलासमामांच्या हवाली होई. ती पत्रकारांना चालवायला द्यायची. दाराच्या प्लास्टिकमागे ते नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या भरत, म्हणजे आवाज नको. एसीचा गॅस काट्यावर तोलून भरत. ब्रेकचे पॅड काढून वरच्या, महागड्या मॉडेलचे बसवत, आणि जास्त उष्णता सोसणारं ब्रेक ऑइल घालत. बाकीच्या शेकडो गाड्या बंदरातून आल्या तशाच शोरूममध्ये उभ्या राहत. मॅनेजर म्हणे, "धिस इज ओन्ली प्रिपरेशन, विलास." एकोणीस वर्षं विलासमामांनीही तेच मानलं.

पांढरी गाडी घ्यायला रोनित आला. दुबईत जन्मलेला मराठी मुलगा, एका वेबसाइटवर गाड्यांबद्दल लिहिणारा. बाकीचे पत्रकार कंपनीच्या खर्चाने हॉटेलात जेवून कंपनीने दिलेलं वाक्य लिहीत, रोनित तसा नव्हता.

"काका, मी पेट्रोलसुद्धा स्वतःचं भरतो. आवडली नाही तर धुऊन काढणार हं!"

"काढ रे बाबा. माझ्या हातची गाडी आहे, बघू काय काढतोस."

तीन दिवस त्याने ती दामटली. चौथ्या दिवशी लेख आला. सीटला नावं ठेवली होती, स्क्रीनला ठेवली होती. पण एक ओळ अशी होती: सहा माणसं बसवून जबेल जैस डोंगराचा घाट उतरलो, ब्रेक एकदाही दमले नाहीत.

विलासमामांनी ती ओळ चार वेळा वाचली. टाळी पडली की नटाला जे होतं, तेच त्यांना झालं. पडद्यामागच्या माणसाला टाळी ऐकू येते, पण ती आपली म्हणता येत नाही. त्या दिवशी त्यांनी म्हटली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "ही आपल्या हातची गाडी!"

शारजाच्या अल नहदामध्ये त्यांची भाची अर्चना राहत होती. ती, नवरा राहुल आणि नऊ वर्षांची केया. राहुलची आई, आशाताई, चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर यायची होती, म्हणून मोठी गाडी बघणं चाललंच होतं. मामांचा मेसेज आला आणि बघणं थांबलं.

"मामा, बुक केली!" अर्चनाचा फोन. "ऐंशी हजार दिरहॅम. म्हणजे जवळजवळ वीस लाख होतात. पण राहुल म्हणाला, मामांच्या हातची आहे म्हटल्यावर डोळे मिटून घ्यायची."

लेखातली गाडी वेगळी, शोरूमची वेगळी, एवढं एक वाक्य मामांना बोलायचं होतं. पण त्यापाठोपाठ पुढचं बोलावं लागलं असतं, एकोणीस वर्षं मी काय करतो ते. नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा. आणि खरं सांगायचं तर भाचीच्या आवाजातला तो अभिमान गेला असता.

गाडीच्या पूजेला ते गेले. अर्चनाच्या टॉवरखालच्या पार्किंगमध्ये नुकत्याच आलेल्या आशाताईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. राहुल मोबाइलवरून मोठ्याने वाचत होता, "ब्रेक एकदाही दमले नाहीत! ऐकलंस ना आई? आता तुला डोंगर दाखवतो."

"वाळवंटात कसला रे डोंगर? आमच्या कुंभार्ली घाटाएवढा तरी आहे का?"

"आजी, इट्स सो मच बिगर!" केया म्हणाली.

विलासमामांनी राहुलला बाजूला घेतलं. "जावईबापू, रविवारी गाडी माझ्याकडे घेऊन ये. पॅड बदलून देतो."

राहुल हसला. "कोऱ्या गाडीचे ब्रेक बदलायचे? मामा, वॉरंटी जाईल ना! घरच्या गाडीचा लाड नको एवढा."

मामाही हसले. पेढा तोंडात टाकला.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी ती चौघं जबेल जैसला गेली. वर वारा होता, आशाताईंनी शाल गुंडाळून फोटो काढले. उतरताना राहुलने गिअर खाली घेतला नाही. गाडी दमत नाही हे त्याने वाचलं होतं. तो वळणावळणाला ब्रेक दाबत राहिला, ब्रेक तापत गेले. नवव्या की दहाव्या वळणावर पाय खोल गेला आणि गाडी थांबलीच नाही. ती कातळावर आदळली. केयाचा हात मोडला, अर्चनाला टाके पडले. आशाताई पुढच्या सीटवर होत्या. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत त्या गेल्या.

गाडी तपासली गेली. पॅड कंपनीने ठरवलेलेच होते, ऑइल ठरवलेलंच होतं. दोष काही निघाला नाही. चालकाचा ताबा सुटला, असं लिहिलं गेलं.

विलासमामा रोज संध्याकाळी बसने अल नहदाला जात. राहुल खिडकीपाशी बसलेला असे. अर्चना त्याच्यापुढे ताट ठेवी आणि उठून जाई, एक शब्द न बोलता.

"ब्रेक तर उत्तम होते, मामा," तो पुन्हा पुन्हा म्हणे. "तेच मॉडेल, तोच घाट, लेखातली माणसंही आमच्यापेक्षा जास्त. म्हणजे माझाच पाय उशिरा पडला. मी मारलं आईला."

मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत आणि पाणी आणून देत. अकरा दिवस त्यांनी हेच केलं.

बाराव्या दिवशी वर्कशॉपमध्ये पुढची गाडी आली. लाल. मामांनी नमद्याची पट्टी कापायला घेतली आणि कात्री हातातच राहिली. अर्सलानला त्यांनी सगळं सांगितलं. तो गाडीखालून बाहेर आला, जमिनीवर बसला. "चुप रहो, विलासभाई. जो गई वो गई. बोलोगे तो तुम भी खलास."

मामांनी कात्री ठेवली आणि रोनितला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काका, मग इतकी वर्षं मी कुठल्या गाड्यांबद्दल लिहितोय?"

फोन ठेवून मामा अल नहदाला गेले. अर्चना स्वयंपाकघरात होती, दार उघडं होतं. त्यांनी राहुलसमोर खाली बसकण मारली आणि पहिल्यापासून सांगितलं. पॅड, ऑइल, पट्ट्या, आणि पूजेच्या दिवशी ओठांवर येऊन गिळलेलं वाक्यही.

राहुलने एकच विचारलं. "लिहिणाऱ्याला माहीत होतं?"

"नाही रे. त्याने चालवली तशीच लिहिली. त्याला दिलेली गाडी मी बनवली होती."

दुसऱ्या दिवशी मामांनी पोलिसांकडे जाऊन लेखी जबाब दिला. कागद फाइलला लागला, निर्णय बदलला नाही. विकलेल्या गाडीत कुठे खोट होती? रोनितने आपला लेख काढून टाकला. दहा वेबसाइटवर दुसऱ्यांचे दहा लेख तसेच राहिले. कंपनीने मामांना महिन्याच्या आत मोकळं केलं आणि व्हिसा रद्द झाला.

जायच्या दिवशी दुपारी ते बॅग घेऊन अल नहदाच्या सोळाव्या मजल्यावर गेले. दार अर्चनाने उघडलं. कपाळावरच्या टाक्यांचा वण अजून लाल दिसत होता. मागे खिडकीपाशी राहुल, अजूनही अर्चनाच्या अबोल्यातला, त्याच्या मांडीवर प्लास्टरमधला हात ठेवून केया. अर्चनाने मामांना आत या म्हटलं नाही, दारही लावलं नाही. चौकटीत तशीच उभी राहिली. मामांनी बॅग खाली ठेवली नाही.

"माझ्याशी नको बोलूस गो, अर्चू," ते म्हणाले. "त्याच्याशी बोल."