काळं पिल्लू म्हणजे कडकनाथ नव्हे

टेम्पोचं दार उघडलं आणि आतून एकच चिवचिवाट बाहेर आला. पिल्लं खोक्यांतच होती, पण कुठली जात कुठल्या खोक्यात, याचा पत्ता नव्हता. मोहोळ गाव सोडल्यावर हायवेवर म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, खोके कोसळले, झाकणं उघडली. त्याने सगळी पिल्लं गोळा करून हाताला येतील तशी भरली.

मी पशुवैद्यक. सोलापूरजवळ एका खासगी हॅचरीच्या विक्री केंद्रावर नोकरी करते. मशीनमध्ये उबवलेली एका दिवसाची पिल्लं आम्ही गिऱ्हाईकांना देतो. त्या दिवशी तीन जाती होत्या: तांबूस आरआयआर, काळी ऑस्ट्रॉलॉर्प आणि काळीच कडकनाथ.

कडकनाथ न्यायला जेऊरहून सुवर्णाताई सकाळच्या गाडीने आल्या होत्या. त्यांना घरचा कळप तयार करून उबवणीची अंडी विकायची होती. मागच्या वर्षी मोटरसायकलवरून पिल्लं विकणाऱ्याकडून घेतलेली काळी पिल्लं मोठी झाल्यावर साधीच निघाली होती. गावात त्यांचं हसं झालं होतं.

"म्याडम, ह्यातली माजी कुटली?" त्यांनी विचारलं.

"आधी ऊब देऊ. मग बघू."

पिल्लं गारठली की एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून सगळी आधी ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बच्या उबेत सोडली. गुळाचं पाणी ठेवलं. ती पांगून दाणे टिपायला लागल्यावरच हात घातला.

तांबूस पिल्लं लगेच वेगळी झाली. राहिली काळी. तेवढ्यात आमचे मालक शिंदे सर आले.

"मॅडम, निम्मी इकडं, निम्मी तिकडं करा. काळी ती काळीच. सहा महिन्यांनी कोण बघायला येतंय?"

"मी येनार की," सुवर्णाताई मागून म्हणाल्या.

मी पिल्लू उचललं. ऑस्ट्रॉलॉर्पची पाठ काळी, पण पोट आणि पंखांची टोकं पांढुरकी असतात. पाय उलटा केला की तळवा फिका दिसतो. कडकनाथची लव राखाडी-काळी, पाठीवर गडद रेघा. चोच उघडली की जीभही काळपट. पोटावरच्या लवेवर फुंकर मारायची, खालची कातडी काळी दिसते. एकच खूण बघून चालत नाही. सगळ्या जुळल्या तरच खोक्यात.

सुवर्णाताई शेजारी बसल्या. थोड्या वेळाने त्याच पिल्लू उलटं करून माझ्यापुढे धरू लागल्या. काम भराभर सरकलं.

शेवटी मूठभर पिल्लं उरली. कातडी काळी, पण पोटावरची लव पांढुरकी. जीभ काळपट, पण बोटांची टोकं गुलाबी.

"ही संकरित असतील, किंवा नसतीलही," मी म्हणाले. "आज सांगता येणार नाही."

"टाका कडकनाथमध्ये, ऑर्डर पुरी होईल," सर म्हणाले.

"नाही टाकणार, सर. ह्यांना यावर कळप उभा करायचाय."

नोकरीत मालकाला असं तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं. सुवर्णाताईंनीच मार्ग काढला.

"मला कमी चालत्याल. राहिलेली फुडच्या खेपंला द्या. पन ती नगं."

ती पिल्लं आम्ही केंद्रावर वेगळ्या जाळीत वाढवली. तुरे फुटेपर्यंत थांबावं लागलं. बऱ्याच पिल्लांचे तुरे काळपट आले, म्हणजे ती अस्सल होती. काहींचे मात्र लालभडक निघाले. आता सर स्वतः हॅचरीत गेले. कडकनाथच्या शेडची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि शेजारच्या शेडमधला कोंबडा खुशाल ये-जा करत होता. त्या शेडची अंडी उबवायची थांबवली, जाळी बदलली. मला सर एवढंच म्हणाले, "बरं झालं, त्यांना दिली नाहीत."

सुवर्णाताईंचा कळप अस्सल निघाला. आता करमाळ्याकडचे लोक त्यांच्याकडून अंडी नेतात. राहिलेली पिल्लं न्यायला पुढच्या खेपेला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी सरांच्या समोरच एकेका पिल्लाची चोच उघडून बघितली.

पिल्लाचा रंग कुणीही सांगतं. जात सांगायला कधी कधी थांबावं लागतं, आणि तेवढा धीर मालकापेक्षा गिऱ्हाईकाकडे जास्त असू शकतो.