मौनात फर्स्ट क्लास

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याचा मला अभिमान आहे. बी.ए. झालो आणि लातूरच्या बाहेर, सेमिनरीत दाखल झालो. कॅथलिक फादर व्हायचं तर तिथं राहून सात-आठ वर्षं शिकावं लागतं. लग्न नाही, घरदार नाही. मुखेडकडच्या आमच्या गावात लोक मायला विचारायचे, "पोराला नोकरी कवा लागंल?" माय म्हणायची, "अजून शिकायलाय."

सेमिनरीत वर्षातून एकदा आठ दिवसांची मौनसाधना असते. बोलायचं नाही, प्रार्थना करायची, आणि आपल्याला खरंच इथं राहायचंय का, हे स्वतःला विचारायचं. बाकीची पोरं दुसऱ्या दिवसापासूनच पाण्याच्या टाकीमागं कुजबुजायला लागली. मी नाही. मला मौनातही फर्स्ट क्लास पाहिजे होता. वरणात मीठ नसलं तरी मी भुवई हलवली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी गेटवरचे चाचा बोलवायला आले. जाऊन बघतो तर पायरीवर माय, आणि शेजारी मामा.

"दोन महिनं फोन न्हाई," माय म्हणाली. "एकच इचारते. हितं बरं वाटतंय का तुला? न्हाई म्हन, आत्ता संगं घिऊन जाते."

मी हसलो आणि ओठांवर बोट ठेवलं.

"ह्याला काय झालं रं?" मायनं मामाला विचारलं. मामाला सगळ्यातलं कळतं.

"अक्का, बोलाय येईना त्याला."

मी आठ बोटं दाखवली. आठ दिवसांचं मौन.

"आठ दिसांपासून येईना म्हनतो."

मी घाईनं तीन बोटं दाखवली. तीन दिवस राहिलेत.

"तिघं जन हायेत म्हनतो."

"कोन तिघं?"

"मारनारे."

माय उठली, पदर खोचला. मी दोन्ही हात हलवले आणि आभाळाकडं बोट केलं. देवासाठी, देवासाठी!

"वरच्या मजल्यावर राहतेत," मामानं खुलासा केला. मग डॉक्टर असंच बघतात म्हणून त्यानं माझ्या दंडाला करकचून चिमटा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हूं नाही. त्या चिमट्याचा मला आजही थोडा गर्व आहे.

"सुन्न हाय," मामा म्हणाला.

"बी.ए. करस्तोर चांगलं बोलत हुतं रं माझं लेकरू!"

शेवटी चाचांना राहवलं नाही. "मावशी, रोजा रहता ना, वैसाच हाय ह्येन्चा. आमच्यात पानी न्हाई, ह्येन्च्यात बात न्हाई. तीन दिवसानं सुटतो."

"म्हंजे तिघं जन न्हाईत?" मामाला जरा वाईटच वाटलं.

मी चाचांच्या वहीतलं पान मागून घेतलं आणि लिहून दिलं. मायला वाचता येत नाही, म्हणून चाचांनी एकेक अक्षर लावत वाचलं, "ईश्वराच्या सान्निध्यात मला अपार समाधान लाभत आहे."

"हे कोन बोललं?" मायनं विचारलं.

"तुमच्याच लडक्यानं लिव्हलं."

"छ्या. माझं लेकरू असं बोलत न्हाई. तोंडानं म्हन म्हनावं."

तेवढ्यात आमचे रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख फादर, आवाज ऐकून आले. मला म्हणाले, "अरे, आईशी बोल ना! कोणी अडवलंय? घरची माणसं आली तर बोलावं, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी ते लक्षातच घेतलं नव्हतं. सवलत घेणारा मी नव्हेच.

मायनं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे तू माझ्यासंगं बोलंना ते तुझ्या मनानं?"

आता दडायला नियमही उरला नाही. पाच दिवस मी गप्प बसण्यातच इतका गुंतलो होतो, की जो प्रश्न स्वतःला विचारायचा तो एकदाही विचारला नव्हता. तो विचारायला माय एसटीनं आली होती. रेक्टर शेजारीच उभे. ऐकून काय म्हणतील, ठेवून घेतील की नाही, कोण जाणे.

"रोज बरं न्हाई वाटत, माय," मी म्हणालो. घसा खरवडून आवाज निघाला. "लई बार पळून यावं वाटतं. म्हनून तर फोन केला न्हाई. तुझा आवाज ऐकला असता तर आलोच असतो."

रेक्टर कुंपणाच्या मेंदीकडं बघायला लागले.

"अन् आता? ऐकला की आवाज."

मी थांबलो. खरंच थांबलो, फर्स्ट क्लाससाठी नाही.

"ऱ्हायचंय मला."

मायनं खोचलेला पदर सोडला. मग मामाकडं वळली.

"मुखेडची गाडी कवा हाय इचार रं. आपल्या दोघांलाच जायचंय."