डावा, उजवा आणि ढोबळे सर

ढोबळे सरांना बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या लंडन नावाच्या शहराजवळच्या एका छोट्या कॉलेजात आमची दोघांत मिळून एक खोली होती. मी अकाउंट्स शिकवायची, ते गणित. त्यांच्या खुर्चीत कायम त्यांचा कोट बसलेला आणि सर खिडकी ते दार, दार ते खिडकी. डबासुद्धा उभ्यानेच. मी पुण्याची, ते नागपूरचे, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक भांडणातूनच व्हायचं. "अहो, बसा की जरा, मला गरगरायला होतंय," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मॅडम, बसलं का माणूस गंजते."

असा माणूस कॉलेजच्या फुटबॉल टीमला चिकटला यात नवल नाही. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालायचं, अंडाकृती चेंडू काखेत मारायचा आणि अंगावर येणाऱ्या धटिंगणांना चुकवत पळायचं. सर नागपुरात कबड्डी खेळलेले. एकदा सराव पाहायला गेले आणि कुंपणाबाहेरूनच ओरडायला लागले, "धक्का काय देता बे, पकडा त्याले! लेग्ज! कॅच द लेग्ज!" कोचने वैतागून त्यांना आत बोलावलं आणि बचावाची मुलं फुकटात त्यांच्या गळ्यात घातली.

त्या साली टीम एकामागून एक सामने हरत होती. डीनने स्पष्ट सांगितलं होतं, या मोसमात एकही सामना जिंकला नाही तर टीम बंद. सरांच्या घरी वेगळाच तगादा होता. त्यांची बायको वंदनाताई विमानाने चार तासांवरच्या कॅल्गरीत तेलाच्या कंपनीत इंजिनियर. नवऱ्याने नोकरी सोडून तिकडे यावं म्हणून त्या केव्हाच्या मागे लागल्या होत्या. सर दर फोनवर एकच वाक्य ऐकवायचे, "पोट्ट्यांना एक मॅच जिंकू दे, मग येतोच." फोन ठेवला की येरझाऱ्या दुप्पट वेगाने. मला त्यांचा राग यायचा. बाई तिकडे एकटी फावड्याने दारातला बर्फ उपसतेय आणि हे इथे दुसऱ्यांच्या पोरांपायी कासावीस.

शेवटच्या सामन्याआधी त्यांनी शक्कल काढली. आपली मुलं कोणत्या बाजूने घुसणार ते सर हाताच्या खुणांनी सांगत, आणि समोरच्यांना त्या खुणा हमखास कळत. मग सरांनी मुलांना दोन मराठी शब्द शिकवले, डावा आणि उजवा. ती सहा फुटी गोरी-काळी मुलं आठवडाभर कॉलेजात "दावा, उज्वा" घोकत हिंडत होती. "कोणी ऐकलं तर?" मी विचारलं. "इथं कोण मराठी बसून राहिलं, मॅडम?" ही परदेशातल्या मराठी माणसाची जुनी खोड. ग्रोसरीच्या रांगेत आपण बिनदिक्कत कुणाच्या तरी केसांवर बोलायचं, आणि मागून प्रश्न यायचा, "तुम्ही ठाण्याचे का?"

सामन्याचा अर्धा वेळ सुखाचा गेला. सर रेषेवरून धावत "डावा!" ओरडले की मुलं डावीकडून घुसत आणि समोरचा गडी चेंडूसकट आडवा. आम्ही चक्क पुढे होतो. मध्यंतरानंतर मात्र दर वेळी मुलं डावीकडून घुसली की चेंडू उजवीकडून निसटायचा. सर चिडले. "अबे माकडांनो, डावा म्हणजे डावा!" तेवढ्यात पलीकडच्या रेषेवर, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणारा एक सावळा तरुण खुदकन हसला आणि त्यांच्या कोचच्या कानाला लागला.

मी धावत जाऊन सरांना सांगितलं, "अहो, त्याला मराठी येतं!"  त्यांनी लगेच मुलांना ओरडून सांगितलं, "चेंज! डावा इज उजवा!" झालं. अर्धी मुलं इकडे, अर्धी तिकडे, आणि मधल्या खिंडारातून त्यांचा गडी आरामात पार.

आम्ही हरलो. टीमही गेली. मुलं गुडघ्यांत डोकी घालून बसली होती आणि सर प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत फिरत होते. तो तरुण अवघडून जवळ आला. "काका, सॉरी हं. मी नाशिकचा." मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. सर म्हणाले, "नाशिकचा का? ड्यूटी केली तू तुझी. जेवला का बे?"

परतताना गाडी मी चालवत होते. सरांनी वंदनाताईंना फोन लावला, स्पीकरवर. "हरलो," म्हणाले. "जिंकलो का येतो म्हणलं होतं... आता काय तोंडानं..."

पलीकडून वंदनाताईंचा शांत आवाज आला. "हरलेल्या माणसाले घर नसते का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.  फोन चालूच होता.

"मॅडम," सर म्हणाले, "एअरपोर्ट कोणत्या रस्त्यानं लागते?"

"अहो, बुटांना चिखल आहे तुमच्या. आणि सोमवारी तुमचा तास आहे."

"सोमवारी सकाळी वापस येतो. राजीनामा द्यायला यावंच लागन."

मी पुढच्या चौकात गाडी वळवली.